नद्यांच्या माहेरी पाण्याचा दुष्काळ : माळव्यावरील काही ग्रंथांचे पुनर्वाचन

'इतिहास-भूगोल' हे दोन शब्द आपण मराठी माणसे एका दमात उच्चारतो. पण आपल्या पुस्तकांच्या कपाटात त्यांचे कप्पे वेगळे असतात. धार-देवासच्या कोणत्याही जुन्या मराठी घरातील कपाट उघडून पाहावे. वरच्या फळीवर बखरी, संस्थानांचे इतिहास, घराण्यांच्या वंशावळी आणि मोडी कागदांचे कापडात बांधलेले रुमाल सापडतील. भूगोल असलाच तर तो नातवंडांच्या दप्तरात. त्यामुळे पूर्वज कोणत्या साली नर्मदा उतरून इकडे आले, हे आपल्याला तोंडपाठ असते; मात्र ज्या जमिनीवर ते स्थिरावले तिचे त्यांनी काय केले आणि तिने त्यांचे काय केले, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही.

माळव्यात पावलापावलावर पाणी आणि भाकरी मिळते, अशा आशयाची एक जुनी उक्ती इकडे सर्वतोमुखी आहे. खानदेश-वऱ्हाडाकडचे व्याही आले की आपणही ती त्यांना अभिमानाने ऐकवतो. माझी तक्रार या उक्तीविषयी आहे. माळव्यावर ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांपैकी बहुतेकांनी ती जणू निसर्गाने दिलेली सनद समजून स्वीकारली, आणि पुढे पाणी आटले तेव्हा कुणी दैवाला, तर कुणी एकट्या आधुनिक काळाला दोष दिला. हे दोन्ही निष्कर्ष मला अपुरे वाटतात. हातांशी असलेले काही ग्रंथ या दृष्टीने पुन्हा वाचावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम भूगोल. चंबळ महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर उगम पावते. क्षिप्रा इंदूर-देवासच्या सीमेवरील टेकड्यांत. काली सिंध देवास जिल्ह्यात बागलीच्या बाजूला. आणि मही तर आपल्या धार जिल्ह्यातच सरदारपूरच्या अंगाला उगवून थेट खंभातच्या आखाताला जाते. विंध्याच्या दक्षिण उतारावरून मान नदीसारखे प्रवाह नर्मदेकडे उतरतात. म्हणजे आपण नद्यांच्या माहेरी राहतो. माहेरी लेक लहान असते आणि मोठी होते ती सासरी, हे आपल्याला कुणी सांगायला नको. धार आणि देवास ही दोन्ही शहरे नद्यांच्या उगमापाशी वसली आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला असा कोणताही मोठा प्रदेश नाही की ज्याचे पाणी वाहत त्यांच्याकडे यावे. पाऊस बरा, वर्षाला नऊशे-हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो सारा तीन-साडेतीन महिन्यांत पडून उत्तरेकडे वाहून जाणारा. खाली काळा पाषाण. या बेसॉल्टमध्ये पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. त्याखाली कितीही खोल गेले तरी हाती लागेलच अशी खात्री नाही.

तेव्हा पावलापावलावर जे पाणी होते, ते अडवलेले पाणी होते. धारेत 'साडेबारा तलाव' म्हणतात ते याच अर्थाने. मुंज, देवीसागर, धूप, कुंज, नटनागर ही नावे आपण फिरायला जाण्याच्या जागा म्हणून घेतो. वस्तुतः ती एका नदीविहीन राजधानीची नदी होती. मुंज तलावाचे नाव दहाव्या शतकातील वाक्पती मुंजाशी जोडले जाते. परमारांच्या गावाभोवतीचा मातीचा वर्तुळाकार कोट, त्याला लागून खंदक आणि या तलावांची रांग नकाशावर एकत्र पाहिली, की गाव आणि पाणी यांची आखणी एकाच बुद्धीने झाली असावी असे वाटू लागते. (साडेबारांतला तो अर्धा तलाव कोणता, याची मी लहानपणापासून निरनिराळी उत्तरे ऐकत आलो आहे. प्रत्येक आळीचे उत्तर वेगळे.)

माणूस भूमीचे रूप पालटतो, हा विचार ग्रंथरूपाने प्रथम ठामपणे मांडणाऱ्यांत जॉर्ज पर्किन्स मार्श या अमेरिकन गृहस्थाचे नाव घ्यावे लागते. तो वकिलातीत नोकरीला, आधी तुर्कस्तानात आणि मग इटलीत. भूमध्य समुद्राकाठच्या ओसाड टेकड्या पाहून त्याने १८६४ मध्ये 'मॅन अँड नेचर' लिहिले : एके काळच्या संपन्न प्रांतांची ही दशा निसर्गाने केलेली नसून माणसाच्या कुऱ्हाडीने आणि कळपांनी केली आहे. त्याने हे सिद्ध करताना एका हातात इतिहासकारांचे ग्रंथ ठेवले आणि दुसऱ्या हातात डोळ्यांनी पाहिलेली जमीन. १९५५ साली प्रिन्स्टन येथे याच विषयावर जगभरच्या विद्वानांची परिषद भरली, तिचा आदर्शही मार्शच होता. भारतातून तिथे गेलेल्या जानकी अम्माळ या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्याकडील निर्वाहाच्या शेतीविषयी निबंध वाचला होता. ही दुहेरी वाचनाची पद्धत आपण आपल्या प्रांताला लावली, तर काय दिसते?

सर जॉन माल्कमचे 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' (१८२३) हे दोन खंडांचे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी चाळले असेल. निदान त्यातील पवारांचे प्रकरण. धारच्या मैनाबाईंनी पडत्या काळात संस्थान कसे राखले, याचे माल्कमने केलेले कौतुक आपल्या घराघरांत सांगितले जाते. आपण तेवढे वाचतो आणि पुस्तक मिटतो. पण याच पुस्तकाला कॅप्टन डेंजरफील्ड याने लिहिलेली माळव्याच्या भूस्तरांची पुरवणी जोडलेली आहे, नकाशासह. काळी माती, तिच्याखालचा पाषाण, बाघकडील वाळूचा खडक ही सारी नोंद तिथे आहे. राजकारणी पुरुषाने इतिहास लिहावा आणि त्याच्याच बासनात भूस्तरांचा तपशील बांधावा, हा योग पुढील शंभर वर्षांत क्वचितच जुळून आला. हा केवळ योगायोग होता, हेही मान्य केले पाहिजे. माल्कमच्या मजकुरात आणि डेंजरफील्डच्या पुरवणीत परस्परांशी संवाद असा नाही. तो वाचकाने घडवून आणायचा आहे.

तो घडवला की उजाड गावांविषयीचा मजकूर वेगळाच बोलू लागतो. १८१८ च्या आधीच्या वीस वर्षांत शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांच्या धुमाळीत गावेच्या गावे ओस पडली. शेतांत गवत आणि झुडपे माजली, वाघ वस्तीपर्यंत आले आणि परतणाऱ्या कुणब्यांना आपलीच जमीन त्यांच्याकडून सोडवून घ्यावी लागली, असे चित्र माल्कम रेखाटतो. यात त्याचा स्वार्थ आहे. कंपनी सरकारच्या आगमनाचे पुण्य जितके मोठे दाखवायचे, तितका आधीचा अंधार गडद करणे त्याला भाग होते. ही सावधगिरी बाळगूनही मूळ गोष्ट उरतेच : माणसाने जमीन सोडणे हादेखील भूमीवर झालेला मानवी परिणामच आहे. आणि ज्या घोड्यांच्या टापांखाली ती गावे ओस पडली, त्यांतील काही घोडे आपल्या वंशावळीतील पुरुषांचे होते. बखरीत स्वारी असते. स्वारीच्या वाटेवरील उभ्या पिकाचे काय झाले, हे बखरकार लिहीत नाही. माल्कमने ते लिहिले, त्यामागचा हेतू काहीही असो.

अरण्याची सीमा किती मागे हटली, हे कळण्यासाठी आणखी मागे जावे लागते. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त सोळाव्या शतकाच्या अखेरीस रानहत्ती कुठे कुठे आढळतात याची यादी आहे, आणि माळवा सुभ्यातील त्या यादीत सातवासचे नाव आहे. सातवास म्हणजे आजच्या देवास जिल्ह्यातील, कन्नोदच्या पुढचे गाव. तिथे रानहत्ती! टॉमस ट्राउटमन यांनी 'एलिफंट्स अँड किंग्ज' (२०१५) या ग्रंथात अशाच नोंदी नकाशावर मांडून, राजांना हत्ती हवे होते म्हणून त्यांची अरण्ये काही काळ कशी टिकली, याचा मोठा मार्मिक विचार केला आहे. आज त्या बाजूला खिवनीचे अभयारण्य आहे, पण हत्ती म्हणाल तर देवळाच्या मिरवणुकीत. सातवासच्या रहिवाशांना हे सांगितले तर ते विश्वास ठेवणार नाहीत. मीही प्रथम वाचले तेव्हा ती छपाईची चूक समजलो होतो.

जाण्याची ही गोष्ट, तशी येण्याचीही आहे. मांडूच्या पठारावरची ती लठ्ठ बुंध्याची झाडे, ज्यांच्या फळाला आपण 'मांडूची चिंच' किंवा 'खुरासानी इमली' म्हणतो, मूळची आफ्रिकेतील. समुद्रापलीकडून येणाऱ्या माणसांबरोबर ती इथे आली आणि मांडूच्या मातीत शतकानुशतके जगली. २०२२ च्या सुमारास ती मुळासकट उपटून परराज्यात नेण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हा आमची झाडे म्हणून गावकरी आडवे झाले. पाहुणा किती पिढ्यांनी घरचा होतो, या प्रश्नाशी आपणा मराठी कुटुंबांचाही संबंध आहे. तो इथे नुसता सुचवून पुढे जातो.

कर्नल विल्यम किंकेडच्या एका लेखाकडे आता वळू. 'इंडियन अँटिक्वेरी'च्या १८८८ च्या अंकात त्याने भोजपूरच्या नष्ट सरोवराची हकीकत लिहिली. राजा भोजाने बेटवेच्या खोऱ्यात बांध घालून सुमारे अडीचशे चौरस मैलांचा जलाशय निर्माण केला आणि पंधराव्या शतकात मांडूच्या होशंगशहाने तो बांध फोडला, अशी परंपरा आहे. बांध फोडायला तीन महिने, पाणी ओसरायला तीन वर्षे आणि तळाची जमीन वस्तीयोग्य व्हायला तीस वर्षे लागली, ही गोंडांमधील आख्यायिका त्याच्याच लेखातून पुढे सर्वत्र पसरली. इथवर ठीक. पण त्या जलाशयाच्या नाशाने माळव्याचे हवामानच बदलले, असेही विधान त्याने जोडून दिले, आणि पुढच्या गॅझेटियरकारांनी ते जसेच्या तसे उचलले. आजही व्याख्यानांत ते ऐकू येते.

या विधानाची पारख केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात झाडे तोडली आणि सरोवरे आटली की पाऊस कमी होतो, हा विचार युरोपीय अंमलदारांच्या मनावर स्वार झालेला होता. हुंबोल्टने व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराचे आटणे पाहून जी मीमांसा केली होती, तिचा हा विस्तार. रिचर्ड ग्रोव्ह यांनी 'ग्रीन इम्पीरियलिझम' (१९९५) या ग्रंथात या कल्पनेची सारी वंशावळ उलगडून दाखवली आहे. किंकेड त्याच शाळेतला. माळव्याचा पाऊस येतो दोन समुद्रांवरून. एका सरोवराच्या भरण्या-फुटण्याने तो फारसा कमी-जास्त होणार नाही. बदलले असेल ते आसपासच्या विहिरींचे पाणी, खालच्या अंगाला नदीची धार आणि शेकडो गावांची पिके. हेही काही थोडे नव्हे. मात्र ते हवामान नव्हे. किंकेडची चूक अशी, की मानवी कृत्याचा परिणाम मोठा दाखवण्याच्या भरात त्याने तो आभाळावर नेऊन ठेवला. एकदा दोष आभाळाचा ठरला, की जमिनीवरच्या माणसाला करण्यासारखे काही उरत नाही.

आणि ज्या होशंगशहावर हा आरोप, त्याचेच मांडू पाहा. पठाराच्या टोकावर, जिथे एकही नदी नाही, तिथे पावसाचा थेंब न् थेंब छतांवरून, पन्हाळींतून, कुंडांतून फिरवून तलावात नेणारी नगरी त्याच्या वंशाने आणि नंतरच्या खिलजींनी उभी केली. जहाजमहालाच्या दोन बाजूंचे तलाव पाहून आपण रूपमतीच्या गोष्टी सांगत परततो. स्वतःच्या गडावर पाणी जोजवणारी सत्ता दुसऱ्याचे सरोवर फोडते, हा विरोधाभास मला रूपमतीच्या कथेहून अधिक विचार करायला लावतो.

देवासकरांना आपले वाटणारे परकीय पुस्तक म्हणजे ई. एम. फॉर्स्टरचे 'द हिल ऑफ देवी' (१९५३). १९१२-१३ मध्ये पाहुणा म्हणून आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस म्हणून तो इथे राहिला. बागा, मोटारी, पाहुणघर, वीजघर असली खाती त्याच्याकडे होती. एका गावात दोन राजे, दोन दरबार, दोन फौजा, इतकेच काय, दोघांची पाणीव्यवस्थाही वेगळी, याची त्याला भारी गंमत वाटे आणि ती त्याने फार प्रेमाने लिहिली आहे. साहित्य म्हणून या पुस्तकाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे त्याचे वर्णन आपल्यापैकी कुणालाही लिहिता आले नाही, हे कबूल करायला हवे. पण रस्त्याच्या मधोमध आखलेल्या सीमेने पाण्याचीही वाटणी केली, यातला विनोद त्याला दिसला, त्यातला धोका दिसला नाही. पाणलोट एक, भूगर्भ एक आणि मालक दोन! जमिनीखालच्या भेगांना थोरली पाती आणि धाकटी पाती ठाऊक नसते.

'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या त्याच्या कादंबरीचा शेवटचा भाग ज्या 'माऊ' संस्थानात घडतो, त्यामागे देवासच आहे, हे सर्वश्रुत आहे. त्या कादंबरीतील उत्सवाच्या रात्री पावसाने भरलेल्या तलावात होड्या एकमेकींवर आदळून उलटतात, सगळी माणसे पाण्यात पडतात आणि वैरे थोडी निवळतात. इंग्रजी साहित्यातील एका थोर कादंबरीचा उत्कर्षबिंदू माळव्याच्या तलावात आहे. फॉर्स्टरने तलाव पाहिला तो प्रतीक म्हणून. कादंबरीकाराला तेवढे पुरते. गावाला पुरत नाही.

फॉर्स्टरच्या देवासहून सत्तर वर्षांनी त्याच गावाचे वर्णन अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' (१९९३) या छोट्याशा हिंदी पुस्तकात येते. तीस वर्षांत गावचे लहानमोठे तलाव बुजवून त्यांवर घरे आणि कारखाने उठले, मग नलिका-विहिरींनी भूगर्भ उपसला गेला, आणि अखेर २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून पन्नास टाक्या पाणी घेऊन आगगाडी देवासच्या स्थानकात आली. तिचे स्वागत ढोलताशांनी झाले. मंत्रिमहोदयांनी ते पाणी पिऊन योजनेचे उद्घाटन केले. मिश्र हे सारे आवाज न चढवता सांगतात, म्हणूनच ते अधिक बोचते. या पुस्तकाचे मोठेपण मला त्याच्या शब्दसंग्रहात वाटते. पाणलोटाला, तळाला, पाळीला, सांडव्याला लोकांनी दिलेली नावे त्यांनी गावोगाव फिरून वेचली, आणि ज्यांनी हे तलाव खोदले त्या जातीजमातींची आठवण आदराने जागवली. ज्या वस्तूचे शब्द मरतात ती वस्तू बुजवणे सोपे जाते, हे त्यांनी ओळखले होते.

असे असूनही या पुस्तकाशी माझे दोन मतभेद आहेत. पहिला लहान : 'सर्व' तलाव बुजले हे खरे नाही, देवासचा मीठा तलाव आजही आहे, कसाही असो. दुसरा मोठा. मिश्रांचा 'समाज' नेहमी एकवचनी असतो. तो तलाव खोदतो, राखतो, पूजतो. पण त्या तलावाच्या घाटावर कुणी उतरावे आणि कुणी उतरू नये, हे ठरवणारा समाजही तोच होता. चंबळीच्या उगमाजवळ, याच पठारावर, महूच्या छावणीत १८९१ साली एका सुभेदाराच्या घरी जे मूल जन्मले, त्याला १९२७ मध्ये महाडला जाऊन एका तलावाचे पाणी ओंजळीने प्यावे लागले आणि ती कृती इतिहास ठरली. डॉ. आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय मराठी माणसाने तलावांचे गुणगान करू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्या घरच्या विहिरीवर पाण्यासाठी आलेल्यांना रहाटापासून दूर उभे राहावे लागे आणि घरातले कुणी वरून पाणी ओतत असे. हे मी स्वतः पाहिलेले आहे.

प्रभाष जोशी यांचा 'अपना मालवा : खाऊ-उजाड़ू सभ्यता में' हा २००६ मधील लेख पुढे शाळेच्या क्रमिक पुस्तकात गेला, त्यामुळे आपल्या नातवंडांनाही तो परिचित आहे. आष्ट्याला जन्मलेला हा पत्रकार माळव्यावर लिहिताना घरच्या माणसासारखा रुसतो, आणि लेखाचे खरे बळ त्या रुसण्यात आहे. शिवाय नुसत्या आठवणींवर विसंबून न राहता त्यांनी एकोणिसाव्या शतकापासूनच्या पर्जन्यनोंदींचा आधार घेतला, हे मला विशेष वाटते. पाऊस तितकाच पडतो आणि तरी नद्या नाले होतात, तेव्हा बदललेली गोष्ट आभाळात नसून खाली आहे, इथपर्यंत ते येतात. किंकेडला जे जमले नाही ते त्यांना जमले. मात्र इथून पुढे ते सारा दोष पाश्चात्त्य धर्तीच्या औद्योगिक सभ्यतेवर टाकतात आणि विक्रम-भोज-मुंजांच्या काळाकडे पाहून नि:श्वास सोडतात. २००९ मध्ये ते गेले. धार जिल्ह्यातील चिखल्दा २०१९ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालेले, किंवा भोपाळचा ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला आणून जाळलेला त्यांनी पाहिला असता, तर त्यांचा नि:श्वास आणखी लांबला असता यात शंका नाही. पण भोज आणि बोअरवेल यांच्या मधली सुमारे नऊशे वर्षे ते वगळतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत आपण आहोत.

त्या वर्षांत काय घडले? एकच उदाहरण देतो : अफू. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई. त्या व्यापाराचा इतिहास अमर फारुकी यांनी 'स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्जन' (१९९८) मध्ये चांगला लिहिला आहे. पण त्याची भूगोलाची बाजू अशी, की खसखशीचे पीक रब्बीत येणारे आणि पुन्हा पुन्हा पाणी मागणारे. गहू-हरभरा काळ्या मातीतील ओलीवर निघत असे. खसखशीला विहीर आणि मोट हवीच. अफूच्या पैशाने माळव्यात विहिरी खोदवल्या. उपसा करून रब्बी काढण्याची सवय जमिनीला आणि शेतकऱ्याला तेव्हा लागली. १९०७ च्या करारानंतर चीनकडील निर्यात घटत जाऊन १९१३ मध्ये थांबली. विहिरी राहिल्या, सवय राहिली. १९७० नंतर सोयाबीन आले. पूर्वी पावसाळ्यात पडीक राहणारी काळी जमीन दोन्ही हंगामांत गुंतली आणि रब्बीचा सारा भार विजेच्या पंपांवर पडला. सोयाबीनवर टीका करणे सोपे आहे. त्याच पिकाने माळव्याच्या लहान शेतकऱ्याच्या घराला कौलांऐवजी स्लॅब दिला. दरम्यान १८९९-१९०० चा, ज्याला इकडे 'छप्पनिया' म्हणतात, तो दुष्काळ येऊन गेला होता. १९०१ च्या गणनेत धार संस्थानची वस्ती १,४२,११५ म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या वस्तीहून बरीच कमी भरली. मारवाडातील भुकेले लोक ज्या प्रांताकडे आशेने येत, तोच प्रांत उपाशी पडला. उक्ती तेव्हाच मोडली होती; आपण ती म्हणत राहिलो.

आपल्या संस्थानी इतिहासांविषयी इथे दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. काशिनाथ कृष्ण लेले यांच्यासारख्या विद्वान शिक्षणाधिकाऱ्याने धारेत शिलालेखांचा शोध घेतला, ल्युअर्डबरोबर परमारांचा इतिहास (१९०८) लिहिला. त्यांच्या परिश्रमांपुढे आपण नम्रच राहिले पाहिजे. तथापि या परंपरेतील ग्रंथांची मांडणी राजवटींनुसार होते. अमुक महाराजांनी विहीर बांधली, तमुक राणीसाहेबांनी घाट. पाणी येते ते दानधर्माच्या परिच्छेदात. ते पाणी कुठून वळवले, कुणाच्या शेतावरून गेले, किती वर्षांनी गाळ काढावा लागला, गाळ कुणी वाहिला, याला त्या मांडणीत जागाच नाही.

ती जागा आहे एका वेगळ्याच वाङ्मयात, ज्याला कुणी वाङ्मय म्हणत नाही. पटवाऱ्याचा खसरा, निस्तार-पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाचा तलाव किती बिघ्यांचा, गुरे कुठे पाणी पिणार, गाळ कुणी न्यावा, वाट कुठून, हे सारे त्यांत लिहिलेले असते. माझे उभे आयुष्य हे कागद वाचण्यात गेले, आणि मी ते वाईट रीतीने वाचले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, एका कसब्यातील तलावाची फाइल माझ्यासमोर आली. मे महिना होता. जागेवर गेलो तेव्हा भेगाळलेली माती आणि चार बाभळी, एवढेच दिसले. 'तलाव जलविरहित, निस्तारास अनुपयोगी' अशा अर्थाची टिपणी मी लिहिली. ती खोटी नव्हती; पंचनामा व्यवस्थित होता. वरून आदेश झाला, कैफियतीच्या रकान्यात नोंद झाली, भूखंड पडले. त्याच खसऱ्यात दहा-बारा वर्षे मागे गेलो असतो, तर गाळ काढणे कधी थांबले आणि वरच्या अंगाची वाट कधी अडली हे दिसले असते. मी भूगोल पाहिला मे महिन्यातला आणि इतिहास पाहिलाच नाही. आता त्या वस्तीत टँकर येतो, तेव्हा लोक माझे नाव घेत नाहीत, कारण त्यांना ते ठाऊक नाही.

देवास जिल्ह्यात २००६ पासून एक वेगळा प्रयोग झाला. जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना पटवले, की आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. टोंकखुर्द भागात हजारो शेततळी झाली. त्यांना 'रेवासागर' असे नाव पडले. मी ती पाहून आलो. शेवगा, पेरू, दुसरे पीक, सारे दिसते. आणि ज्याच्याकडे एकूण जमीनच दोन बिघे आहे तो काठावर उभा आहे, हेही दिसते. हे तलाव खासगी आहेत, साडेबारा तलावांपैकी एकही तसा नव्हता. दुसरीकडे २०१४ पासून नर्मदेचे पाणी पंपांनी तीनशे मीटरहून अधिक उंच चढवून क्षिप्रेच्या उगमात सोडले जाते. सासरच्या पैशाने माहेर चालावे तसे. विजेचे बिल कोण आणि किती वर्षे भरणार, हे त्या योजनेच्या ग्रंथात शोधावे लागेल.

या ग्रंथांवर पुढे कुणी तरुण अभ्यासकाने सविस्तर लिहावे. त्याला लागणारी सामग्री मात्र आपल्या घरांत आहे. इनामपत्रे, विहिरीच्या वाटणीचे करार, मोटेच्या पाळीवरून झालेले भांडणतंटे, गाळ काढल्याचे हिशेब, असे मोडी कागद ज्यांच्या रुमालांत असतील त्यांनी ते रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उलगडावेत. मोडी वाचणारे दोघे-तिघे अजून धारेत आहेत. आमच्या रुमालात मला १२७० फसलीचा एक चिटोरा सापडला आहे : विहिरीला पाझर कमी म्हणून शेजाऱ्याशी केलेला करार, दिवसाआड मोट चालवण्याचा. दोघांच्याही सह्या आहेत. विहीर बुजली आहे.